जुन्या घरातील शीतयंत्रे व गीझर : बदल आणि स्थलांतर

आमच्या सभासदांपैकी बहुतेकांचा व्यापार रिंग रोडवरील कापड बाजारांत आणि राहणे नव्या वसाहतींत गेले असले, तरी कित्येक कुटुंबांची वडिलोपार्जित घरे सुरतेच्या गोपीपुरा, नानपुरा, शाहपोर या भागांत अद्याप नांदती आहेत. रस्त्याकडे चिंचोळी व आत लांबच लांब, सागवानी खांब-तुळयांच्या सांगाड्यात विटांचे भरण, दोन्ही अंगांस शेजाऱ्यांशी सामायिक भिंत आणि मध्ये चौक, अशी यांतील पुष्कळ घरांची ठेवण आहे. उकाड्यावरचा उपाय बांधणाऱ्यांनी चौकातच करून ठेवला होता. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि तिच्या जागी दारा-ओट्याकडील थंड हवा आत ओढली जाते. अशा घरातील जुने शीतयंत्र बदलण्याची वेळ आली, की आपण दुकानदारास प्रथम विचारतो, ‘किती टनाचे घ्यावे?’ आमच्या मते त्याच्याही आधी ‘कोठे बसवावे?’ हे विचारावयास हवे.

याचे कारण आमच्याच घरी घडले. माडीवरच्या खोलीत खिडकीचे शीतयंत्र कैक वर्षे चालत होते. ते काढून नवे दोन भागांचे यंत्र त्याच जागी लावावे, असे ठरले. कारागिराने जुना पेटारा उतरविला तेव्हा त्याखालच्या तुळईचे भिंतीतील टोक बोटाने उकरता येईल इतके कुजलेले आढळले. बसविणाऱ्याने यंत्रास बाहेरच्या बाजूस उतार दिलाच नव्हता. पाणी आत झिरपत होते आणि त्या तुळईखाली आमची आई रोज रात्री निजत होती. यंत्राच्या किमतीहून अधिक खर्च तुळईस जोड देण्यात गेला. भिंत सामायिक असल्यामुळे शेजाऱ्यांस विचारून, त्यांच्या बाजूसही टेकू लावून काम करावे लागले.

हे पाणी येते कोठून? शीतयंत्र हवा थंड करते तसेच तिच्यातील ओलावाही काढून घेते. किंबहुना या यंत्राचा जन्मच ओलाव्याच्या प्रश्नातून झाला. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी जी योजना केली, ती कागद दमट होऊन रंग बिघडू नयेत म्हणून. आणि ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ मध्ये रूढ करणारे स्टुअर्ट क्रेमर हे कापड गिरण्यांचे अभियंते होते. त्यांना मात्र उलट, सूत तुटू नये म्हणून हवेत ओलावा हवा होता. कापडाच्या व्यापाऱ्यांस हे वाचून गंमत वाटेल. सुरतेसारख्या समुद्राजवळच्या दमट गावी दीड टनाचे यंत्र पावसाळ्यात तासाला एक-दोन लिटर पाणी सहज टाकते. त्याची नळी सलग उताराची असावी व लाकडास कोठेही टेकू नये. चौकात टाके असेल तर हे पाणी त्यात कदापि सोडू नये. साचलेल्या पाण्यात जीवोत्पत्ती होते आणि डेंग्यूचे डासही अशाच स्वच्छ पाण्यात वाढतात. बादलीत धरून त्याच दिवशी फरशी पुसण्यास वापरणे उत्तम.

आता बाहेरच्या भागाविषयी. तो चौकात टांगण्याचा मोह होतो, कारण तेथे तो दिसत नाही आणि नळीही आखूड लागते. परंतु खोलीतून काढलेली सारी उष्णता हा भाग बाहेर फेकतो. खोल व अरुंद चौकात ती कोंडते, यंत्र आपलीच तापलेली हवा पुन्हा ओढते, वीज अधिक जाते आणि ज्या चौकाने घर गार राहावे त्याचीच भट्टी होते. गच्ची मजबूत असल्यास तेथे सावलीत, चोहोबाजूंस मोकळी जागा ठेवून लोखंडी घोडीवर बसवावा. याचे वजन सामान्यतः तीस-चाळीस किलोपर्यंत असते व थरथर अखंड चालते. लाकडी सज्जावर तो ठेवणे धोक्याचे. जुन्या विटा आणि चुन्याच्या दर्जेत ठोकून फुगविलेले बोल्ट धरत नाहीत. बोल्ट भिंतीतून आरपार काढून आतून लोखंडी पट्टी द्यावी.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी २००६ चा ऑगस्ट विसरू नये. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा फार मोठा भाग बुडाला. त्या पाण्याची खूण आपल्या भिंतीवर कोठे होती हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे आणि यंत्र, बटणे व जोडण्या तिच्यावर घ्याव्यात.

चांगले यंत्र हलवावयाचे असेल तर त्यातील वायू प्रथम बाहेरच्या भागात गोळा करून झडपा बंद करावयाच्या असतात. घाईचा कारागीर तो हवेत सोडून देतो व नव्या भरणीचे पैसे घेतो. पुन्हा जोडताना नळ्यांतील हवा व ओल निर्वात पंपाने काढलीच पाहिजे. खिडकीच्या जुन्या यंत्रांत बहुधा आर-२२ हा वायू असतो. ओझोनच्या थरास अपाय करीत असल्यामुळे मॉन्ट्रियल कराराखाली तो मोडीत निघाला आहे, तेव्हा अशा यंत्रावर स्थलांतराचा खर्च करू नये. नव्या यंत्रांतील आर-३२ काही प्रमाणात ज्वालाग्राही आहे. म्हणून नळीस झाळ देण्याचे काम शक्यतो घराबाहेर व रिकाम्या नळीवर व्हावे, जवळ वाळूची बादली असावी आणि काम संपल्यावरही तासभर कोणी लक्ष ठेवावे. १८३७ च्या आगीत या शहराची हजारो घरे गेली होती. वाळलेले सागवान आजही तसेच पेटते. लाकडी पट्टीतील जुन्या तारांवर नवा भार घालू नये. मीटरपासून स्वतंत्र तांब्याची तार व भूमिजोड घ्यावी.

न्हाणीघरात बंबाच्या जागी गीझर आला, त्याविषयी दोनच गोष्टी. पंचवीस लिटरचा गीझर भरल्यावर पस्तीस किलोंच्या घरात जातो. तो अर्ध्या विटेच्या भिंतीवर टांगू नये आणि त्याची सुरक्षा-झडप कधीही बुजवू नये. गॅसचा गीझर तर बंद न्हाणीघरात लावूच नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि त्याने आंघोळीस गेलेली माणसे दगावली आहेत. गृहिणींसाठी एक सूचना : गीझरातील पाणी साठ-सत्तर अंशांवर थांबते, उकळत नाही. उपवास-आयंबिलासाठी ते उकळलेले पाणी म्हणून चालणार नाही. गाळून चुलीवरच उकळावे लागेल.

ही कामे चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी पौर्णिमेनंतर काढावीत. जीवहिंसा कमी होते, भिंती सुकलेल्या असतात आणि कारागीरही मोकळे सापडतात. यंत्र उतरविण्यापूर्वी मागील फट मात्र पाहावी, कारण तेथे कबुतरे घरटे करतात. अंडी घातल्यापासून पिले उडेपर्यंत साधारण दीड ते दोन महिने लागतात. आमच्या गच्चीवरील दुसऱ्या यंत्राखाली फाल्गुनात दोन अंडी निघाली. कारागिरास परत पाठविले आणि वैशाख लागेपर्यंत आईने त्या खोलीत पंख्यावरच काढले. पिले उडाल्यावर नव्या यंत्राच्या मागे पहिल्याच दिवशी जाळी बसवून घेतली.