उपड्या मडक्यातली थंडी

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी-तलासरीच्या पट्ट्यात थंडी सुरू झाली की रस्त्याकडेला काळी पडलेली मडकी उपडी घातलेली दिसतात. भोवती पालापाचोळा, गोवऱ्या, लाकडं पेटलेली असतात आणि बाजूला तराजू असतो. हा उंबाडियो. बोईसर-तारापूरला नोकरीसाठी आलेला माणूस चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागतो तेव्हा बहुतेक वेळा तो याला ‘गुजरातकडचं काहीतरी’ समजून पुढे जातो. माझं म्हणणं उलट आहे. उंबाडियो पालघरचा तितकाच आहे जितका वलसाडचा. या किनारपट्टीची ओळख करून घ्यायची असेल, तर याच्याइतका खरा पदार्थ दुसऱ्या कुठल्या टपरीवर मिळणार नाही.

पदार्थाची बांधणी पाहिली की त्यात किती विचार आहे ते कळतं. कोनफळ, रताळी, बटाटे आणि कोवळी वालपापडी, यांना हिरवी मिरची, लसूण, आलं, आंबेहळद आणि ओव्याचा वाटलेला मसाला चोळतात. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. मडक्यात कलारचा पाला, त्यावर भाज्या असे थर लावतात, तोंड त्याच उग्र वासाच्या पाल्यानं गच्च बंद करतात, मडकं उपडं घालतात आणि चारी बाजूंनी जाळ लावतात. मडकं उपडंच का? सरळ ठेवलं असतं तर आच तळाशी लागली असती. तळ करपला असता आणि वरचं कच्चं राहिलं असतं. उपड्या मडक्यात भाजीच्याच अंगच्या पाण्याची वाफ होते, ती वर चढते आणि वर मातीचा बंद तळ असल्यामुळे तिथेच कोंडते. जे पाणी सुटतं ते खाली पाल्यात झिरपतं, त्यामुळे पापडी लगदा होत नाही. जमिनीलगतचा पाल्याचा बोळा खालच्या थराला जाळापासून वाचवतो आणि आपला वास वरपर्यंत पोचवतो. तासाभराची ही सावकाश आच रताळ्याला फार मानवते. साधारण साठ ते पंचाहत्तर अंशांच्या दरम्यान रताळ्यातलं एक विकर पिठूळपणाचं साखरेत रूपांतर करत असतं. ताप जितका हळू चढेल तितका त्याला वेळ जास्त मिळतो आणि रताळं तितकं गोड होतं. प्रेशर कुकर हा टप्पा काही मिनिटांत ओलांडून जातो. म्हणून कुकरमधलं रताळं शिजलेलं असतं, पण उंबाडियोतल्या रताळ्याची गोडी त्याला येत नाही. ओवाही नुसत्या वासासाठी नाही. वाल आणि कंद एकत्र खाणाऱ्या पोटाची ती काळजी आहे.

आता ‘हे गुजरातचं’ या आक्षेपाकडे येऊ. वलसाड-डुंगरीकडे उंबाडियोचा बोलबाला मोठा आहे, हे खरंच. पण ज्या सीमेच्या आधारावर आपण वाटणी करतो ती 1 मे 1960 ची आहे. त्याआधी उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. राज्यं वेगळी झाली तेव्हा त्याचा बराच भाग गुजरातेत गेला, आणि जी गावं महाराष्ट्रात राहिली त्यांचा तलासरी झाला. पालघर जिल्हा तर 1 ऑगस्ट 2014 चा. वालपापडीच्या वाफ्यांना आणि बांधावरच्या कलारला यातली एकही तारीख ठाऊक नाही. शिवाय हे मडकं एका समाजाचंही राहिलेलं नाही. संजाण-उदवाडा भागातले पारशी त्यात मांस घालून आपलं उंबरियू करतात. सुरतचा उंधियू याच कुळातला, पण तो शहरात जाऊन तेलात शिजू लागला. उंबाडियो शेतातच राहिला, आणि माझ्या मते त्यातच त्याची थोरवी आहे.

दुसरा आक्षेप रायगडकरांचा असेल: ही तर आमची पोपटी! नातं आहे, नाकारायचं कारण नाही. तिथेही मडकं आहे, वालाच्या शेंगा आहेत, भांबुर्ड्याचा पाला आहे, आणि मडक्यावर पाणी शिंपडून चुर्र आवाजावरून आतली तयारी ओळखणारे जाणकारही आहेत. पण पोपटीत ओवा-मीठ लावलेल्या शेंगांबरोबर अंडी, कोंबडी येते आणि ती रात्री शेतावर आपापल्या मंडळींत लागते. उंबाडियोचा जीव कंदात आणि हिरव्या मसाल्यात आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे तो अनोळखी माणसाला किलोवर विकत मिळतो. पोपटीला आमंत्रण लागतं.

म्हणूनच ‘विकायला आला की पदार्थ बिघडतो’ हे म्हणणं इथे मला पटत नाही. चौघांच्या घरात अंगण नाही, पाला नाही, आणि एवढा जाळ पेटवला तर शेजारी दार ठोठावतील. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 मध्ये तारापूरला सुरू झालं, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशातून माणसं आली आणि बोईसर खोल्यांचं, चाळींचं, इमारतींचं गाव झालं. अशा गावाभोवती उंबाडियो टिकायचा तर टपरीवाल्याच्या जाळावरच टिकणार. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंदच आहे. पण चिकू पेटीत बसून दिल्लीला जातो. उंबाडियो मडकं फोडल्यावर, निदान उलगडल्यावर, तिथेच गरम खावा लागतो, हिरव्या चटणीबरोबर आणि वर मठ्ठा. थंड झाला की कोनफळ घट्ट होतं आणि पाल्याचा वास उडतो. वालपापडी जून व्हायला लागली की, उन्हाळ्याच्या तोंडाशी, हे जाळ विझतात. तेव्हा जायचं तर पौष-माघातच जावं, आणि मडकं उतरायला वेळ असेल तर थांबावं.