चिपी ते मोपा: नकाशावर जवळ, खिशाला किती लांब?

कोकणातून काजू, कोकम, आमरस आणून डोंबिवली-कल्याणमध्ये विकायचा विचार करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, कुडाळला माल बघायला जायचंय. विमानाने गेलो तर वेळ वाचेल ना?"

आधी विमानतळ बघू. चिपी म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळ, ९ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाला. मोपा गोव्याच्या पेडणे तालुक्यात, तिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. दोघांमध्ये सरळ रेषेत अंतर सुमारे ४५ किलोमीटर. पण आपण काही कावळे नाही. कुडाळ, सावंतवाडी, बांदा असं रस्त्याने गेलात तर अंतर बरंच वाढतं. एका ठिकाणी उतरून दुसरीकडून परतीचं विमान पकडायचं असेल, तर नुसत्या रस्त्यासाठी दोन तास हाताशी ठेवा.

चिपी कुडाळला जवळचा. पण मुंबई-चिपी विमान 'उडान' योजनेतलं होतं. त्यात विमान कंपनीला सरकारी मदत तीन वर्षं मिळते. ती मुदत संपली आणि विमान थांबलं. म्हणून चिपीच्या भरवशावर व्यापाऱ्याला तारीख देण्याआधी त्या दिवशी विमान आहे का, ते बघा. नसेल तर मोपा.

आता मोपाचा हिशोब मांडू. डोंबिवलीहून मुंबई विमानतळ दोन तास. तिथे दीड तास आधी पोचायचं. विमान सव्वा तास. बॅग, टॅक्सी अर्धा तास. मोपा ते कुडाळ एक तास. झाले सव्वासहा तास!

जनशताब्दी पहाटे सहाच्या आत ठाण्याहून सुटते आणि साधारण सहा तासांत कुडाळ. डोंबिवली ते ठाणे लोकल आणि थांबणं धरून सात. म्हणजे विमानाने वाचला पाऊण तास. त्यासाठी किती हजार जास्त मोजताय, ते तिकीट बघून तुम्हीच सांगा.

माझं मत विचाराल तर नवीन धंद्याला कोकणकन्याच बरी. रात्री ठाण्याला बसायचं, सकाळी कुडाळ. दिवसभर कारखाने फिरा, माल चाखून बघा, भाव पाडा. रात्री परत गाडीत, पहाटे ठाणे. दुकान एकच दिवस बंद. दिवसाला दोन हजार सुटत असतील तर आणखी एक दिवस शटर खाली म्हणजे प्रवासखर्चात दोन हजार मिळवायचे. हा आकडा वहीत कुणी लिहीतच नाही! शिवाय विमानात बॅगेच्या वजनाची मर्यादा असते, सँपलच्या दोन पेट्या झाल्या की जादा पैसे.

हो, पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात. गणपतीत तर तिकीट मिळणंच मुश्कील. तेव्हा विमानाचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो.

आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुरू झालीत. कल्याण-डोंबिवलीकरांना तो जवळ पडतो. वरच्या हिशोबातले पहिले दोन तास तिथेच कमी होऊ शकतात, फक्त शिळफाट्याचं ट्रॅफिक धरून चला.