मदत आली, पण ऐकू आली नाही

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. लातूर-उस्मानाबादच्या आमच्या पिढीला ही वेळ कोणी विचारावी लागत नाही. आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि लातूर शहरात आजोळी होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होते, त्यामुळे गाव उशिरा झोपले होते. आधी जमिनीखालून मोठा ट्रक गेल्यासारखा आवाज आला, मग फडताळावरची भांडी खाली आली. कोणीतरी "भागो, बाहर भागो" म्हणून ओरडले आणि आम्ही सगळे अंगणात धावलो. अंगणात आल्यावर माणसे मोजली, तर नानी नव्हत्या.

नानींना पुष्कळ वर्षांपासून ऐकू कमी येत असे. खिशात ठेवायचे, दोरीने कानाला जोडायचे जुने मशीन त्या वापरत आणि रात्री ते काढून डब्यात ठेवत. खाट हलली तेव्हा त्यांना जाग आली होती. पण वीज गेलेली, कोणी दिसत नाही, कोणाचा आवाज नाही. त्या खाटेचा पाय धरून बसून राहिल्या होत्या. मामू परत आत गेले आणि त्यांना उचलून घेऊन आले. अल्हम्दुलिल्लाह, घर उभे राहिले.

त्यानंतर कित्येक रात्री आम्ही मैदानात ताडपत्रीखाली काढल्या. नानींच्या मशीनचे सेल चौथ्या-पाचव्या दिवशी संपले. बाजार धड उघडत नव्हता हे खरे, पण त्याहून खरे हे की नवीन सेल आणायला पाहिजेत, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातच आले नाही. रोज दुकानातून सेल आणून देणे हे एरवी आम्हा मुलांचेच काम होते. कोणी बातमी सांगत आले, भोंग्यावरून काही सूचना झाली, की नानी एकेकाच्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, "क्या बोल रहें, कोई मुझे बी बताओ." आम्ही हाताने "काही नाही, नंतर सांगतो" अशी खूण करत असू. ते 'नंतर' फारसे आलेच नाही. पुढे पुढे त्या विचारायच्याही थांबल्या आणि एक हात जमिनीवर टेकवून बसू लागल्या. पुन्हा धक्का आला तर तो आपल्याला कळावा म्हणून.

आज आम्ही नांदेडला शिकवतो. वर्गात भूकंपाचा धडा आला, की तो हात आठवतो. म्हणून हा लेख.

ढिगाऱ्याखालची शांतता

लातूरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या किल्लारी परिसरात त्या पहाटे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे वजनदार माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे ८ हजार माणसे दगावली आणि ५२ गावे दुसऱ्या जागी नव्याने वसवावी लागली.

ढिगाऱ्याखालचा माणूस शोधण्याची सर्वांत जुनी पद्धत म्हणजे हाक मारणे. वरून हाक द्यायची, सगळ्यांनी गप्प व्हायचे आणि खालून उत्तर येते का ते ऐकायचे. आता विचार करा, खाली असलेल्या माणसाला हाकच ऐकू येत नसेल तर? तो जिवंत असतो, शुद्धीवर असतो, पण वर कोणी आले आहे हे त्याला कळत नाही. म्हणून तो ओरडत नाही, काही वाजवत नाही. वरचे लोक मात्र समजतात की इथे कोणी उरले नाही.

जो वाचतो, त्याचीही परीक्षा संपत नाही. मशीन ढिगाऱ्यात किंवा पाण्यात जाते. ज्याला कालपर्यंत चांगले ऐकू येत होते, त्याच्याही डोक्याला मार लागून कान जाऊ शकतो. छावणीत धान्य कधी मिळेल, डॉक्टर कुठे बसले आहेत, टँकर कुठे उभा आहे, हे सगळे भोंग्यावरून सांगितले जाते. बहिऱ्या माणसाला फक्त इतके दिसते की लोक एका दिशेने पळत आहेत. तो पोहोचतो तेव्हा रांग संपलेली असते.

आणि असे लोक थोडे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना उपचाराची किंवा यंत्राची गरज पडावी इतके कमी ऐकू येते. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांवर होती. त्यात "वय झालंय, थोडं कमी ऐकू येतं" म्हणून ज्यांची नोंदच होत नाही, असे घराघरातले दादा-दादी, नाना-नानी मिळवले, तर प्रत्येक मोहल्ल्यात असे कोणीतरी आहेच.

मशीन सेलवर, सेल बाजारावर

कानामागे लावायच्या साध्या श्रवणयंत्रात बटणासारखा छोटा सेल असतो. त्यावरची चिकटपट्टी काढली की आत हवा शिरते आणि सेल सुरू होतो. एकदा पट्टी काढली, की मशीन बंद ठेवले तरी तो हळूहळू संपतच जातो. मशीनचा आकार आणि वापर यांप्रमाणे असा सेल थोडे दिवस ते दोन-तीन आठवडे चालतो. हा सेल पुन्हा चार्ज होत नाही. तसा प्रयत्नही करू नये, तो फुटू किंवा गळू शकतो. लहान मुलांच्या हाती तर मुळीच लागू देऊ नये, कारण गिळला तर जिवावर बेतते.

याचा अर्थ असा, की यंत्र एकदा मिळते, पण सेल आयुष्यभर विकत घ्यावे लागतात. फुकट वाटपाच्या शिबिरातून आणलेली कितीतरी मशीन सेल संपल्यावर कपाटात पडून असतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. साध्या दिवसात ही स्थिती, तर रस्ते तुटलेले, दुकाने बंद आणि वीज गेलेली असताना काय होणार?

या अडचणीवर एक चांगले उत्तर आफ्रिकेतल्या बोत्सवाना देशात निघाले. तिथल्या ओत्से या गावात हॉवर्ड वाइनस्टाइन या कॅनडाहून आलेल्या गृहस्थांनी आणि स्थानिक बहिऱ्या तरुणांनी मिळून उन्हावर चालणारा छोटा चार्जर तयार केला. पुढे हेच काम 'सोलर इअर' या नावाने ब्राझीलमध्येही सुरू झाले. फेकून द्यायच्या सेलऐवजी त्याच मापाचे पुन्हा चार्ज होणारे सेल वापरायचे आणि ते उन्हात ठेवलेल्या चार्जरवर भरून घ्यायचे, अशी ही साधी योजना. आम्हाला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळी आहे. ही यंत्रे जोडणारे कारागीर स्वतः बहिरे आहेत. हातांनी बोलण्याची सवय असलेली बोटे बारीक डाग लावण्याच्या कामात तरबेज निघाली. मदत घेणारे तेच मदत देणारे झाले.

उजेड म्हणजे त्यांची भाषा

सौर मदत म्हणजे फक्त सेल चार्ज करणे नव्हे. एक गोष्ट ऐकू येणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. अंधार झाला की आपण एकमेकांना आवाज देऊ शकतो. बहिरा माणूस मात्र ओठांच्या हालचाली पाहून, हातांच्या खुणा पाहून, चेहरा पाहून समजून घेतो. उजेड गेला की त्याचा संवादच तुटतो. त्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. नानी त्या रात्री खाटेचा पाय धरून का बसल्या होत्या, हे आम्हाला फार वर्षांनी समजले.

म्हणून आपत्तीत बहिऱ्या माणसाला द्यायची पहिली वस्तू कदाचित एक सौर कंदील आहे. त्याच्या उजेडात तो मुलाचा चेहरा वाचू शकतो, पाटीवर लिहिलेले समजून घेऊ शकतो आणि गरज पडली तर दिवा हलवून "मी इथे आहे" असे सांगू शकतो. एक शिट्टीही सोबत असावी. तिला स्वतः ऐकू यावे लागत नाही, दुसऱ्याला ऐकू आली की पुरे.

आपल्या उन्हाचे गणित

मराठवाड्यात एका गोष्टीची टंचाई कधी नसते, ती म्हणजे ऊन. पण एक खरी अडचणही सांगितली पाहिजे. आपल्याकडचा पूर पावसाळ्यात येतो, म्हणजे नेमका ढगाळ दिवसांत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या रावणगाव, हसनाळ या गावांना रात्रीतून पाण्याने वेढले आणि लष्कराला बोलवावे लागले. अशा वेळी सौर पट्टी जोरात चालत नाही.

तरीही दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. पहिली, श्रवणयंत्राला वीज लागते ती मोबाईलच्या मानाने फारच थोडी. मोबाईल दोनदा भरणारी पॉवर बँक चार्जिंगच्या मशीनला कित्येक रात्री पुरते. म्हणजे पावसाळ्याआधी पॉवर बँक उन्हावर पूर्ण भरून ठेवली, तर ढगाळ दिवस निघून जातात. दुसरी, खिशातल्या जुन्या पद्धतीच्या मशीनला साधा पेन्सिल सेल लागतो आणि तो चार्ज होणाऱ्या प्रकारात बाजारात सहज मिळतो. पाच वॅटच्या छोट्या पट्टीवर चांगल्या उन्हाच्या एका दिवसात असे चार सेल भरता येतात.

एक काळजी घ्यावी. पट्टी उन्हात, पण सेल आणि मशीन सावलीत. उन्हाच्या तापाने दोन्ही बिघडतात. पावसाळ्यात मशीन रात्री काढल्यावर झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवावे.

हक्क आपला आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की आपत्तीत दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने संरक्षण मिळाले पाहिजे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करावी, हेही त्यातच आहे. पण नोंद व्हायची, तर आपण पुढे यायला हवे. घरातल्या माणसाची श्रवण तपासणी करून दिव्यांग ओळखपत्र काढून घ्यावे. यंत्रासाठी केंद्राची 'एडिप' योजना आहे. ६५ वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना 'मुख्यमंत्री वयोश्री योजने'तून सहायक साधनांसाठी ३ हजार रुपये खात्यात मिळतात आणि त्या साधनांत श्रवणयंत्राचाही समावेश आहे.

या विषयातली देशातली मोठी संस्था मुंबईत वांद्र्याला आहे. १९८३ साली सुरू झालेल्या या राष्ट्रीय संस्थेला अली यावर जंग यांचे नाव आहे. ज्या हैदराबाद संस्थानात आपला मराठवाडा होता, तिथलेच ते. उस्मानिया आणि अलीगढ विद्यापीठांचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. आपल्या मुलांना हे नाव ठाऊक असले पाहिजे.

मोहल्ल्याने काय करावे?

हजरत अबूजर (रजि.) यांच्या एका रिवायतीत, जी मुस्नद अहमदमध्ये आली आहे, सदक्याचे अनेक प्रकार सांगितले आहेत. त्यात अंधाला वाट दाखवणे आहे, तसेच बहिऱ्याला त्याला समजेपर्यंत ऐकवणेही आहे. 'समजेपर्यंत' या शब्दावर थांबावे. एकदा ओरडून सांगितले आणि आपले काम झाले, असे नाही. समोरच्याला कळले की नाही, ही जबाबदारी सांगणाऱ्याची आहे. आम्ही नानींना "नंतर सांगतो" म्हणत होतो, तेव्हा हा सदका आमच्या हातातून रोज निसटत होता.

हे काम अवघड नाही. प्रत्येक मस्जिद कमिटीने किंवा महिला मंडळाने आपल्या गल्लीतल्या कमी ऐकू येणाऱ्यांची यादी करावी. प्रत्येकासाठी शेजारचे एक घर नेमून द्यावे. संकटात भोंग्यावर घोषणा झाली की त्या घरातल्या माणसाने स्वतः जाऊन हात धरायचा. ते घर हिंदूचे आहे की मुसलमानाचे, हे बघू नये. शेजाऱ्याचा हक्क सर्वांवर सारखा आहे. मस्जिदीच्या किंवा शाळेच्या छतावर एक सौर पट्टी, चार कंदील, दोन पॉवर बँक आणि सेलचा चार्जर ठेवावा. सदका-ए-जारियासाठी बोअर, पंखे, गालिचे आपण देतोच, त्यात ही एक भर. जकातीतून एखाद्या गरजूला यंत्र द्यायचे असेल, तर आपल्या आलिमांना विचारून द्यावे.

छावणी लागलीच तर सूचना फळ्यावरही लिहाव्यात, मराठीत आणि जिथे लागेल तिथे उर्दूत. बोलताना समोर यावे, तोंडावर उजेड पडेल असे उभे राहावे. ओरडू नये, सावकाश बोलावे. स्त्रियांनी स्त्रियांमध्ये बोलताना नकाब बाजूला करावा, म्हणजे ओठ दिसतील. आणि घरोघरी, आजच, कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या उशाशी तीन वस्तू ठेवाव्यात : दिवा, शिट्टी आणि जादा सेलसह मशीनचा डबा.

२०२४ मध्ये हिंगोलीकडच्या भूकंपाचे धक्के मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये नांदेडपर्यंत जाणवले. दोन्ही वेळा सकाळची वेळ होती. आम्ही मुलाबाळांना घेऊन बाहेर आलो आणि अंगणात पहिले काम केले ते माणसे मोजण्याचे. शेजारच्या दादींना ऐकू येत नाही, हे आठवून आमची मुलगी न सांगता त्यांच्या दाराकडे धावली. त्या उठल्याच होत्या. तिने त्यांचा हात धरला, चेहरा समोर आणला आणि काय झाले ते खुणा करून, सावकाश, त्यांना पूर्ण समजेपर्यंत सांगितले.

नानींना जाऊन बरीच वर्षे झाली. अल्लाह त्यांची मगफिरत करो आणि ज्यांच्यापर्यंत आपला आवाज पोहोचत नाही, त्यांच्यापर्यंत स्वतः चालत जाण्याची तौफीक आपल्याला देवो. आमीन.