एक खिडकी, रोजचा नवा उजेड

प्रागचा छायाचित्रकार योसेफ सुदेक याचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. पुढे प्रागवर नाझींचा अंमल आला आणि कॅमेरा घेऊन रस्त्यावर हिंडणं धोक्याचं झालं. १९४० मध्ये त्याने आपल्या लहानशा स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला घेतले. युद्ध संपलं तरी खिडकी सुटली नाही; १९५४ पर्यंत तो ते काढत राहिला.

त्या फोटोंत अंगणातलं वाकडं झाड अंधुकच दिसतं. सुदेकची नजर काचेवर आहे. कधी तिच्यावर वाफ धरलेली, कधी पावसाचे ओघळ, कधी गोठलेलं दव. जागा तीच, पण उजेड आणि हवा रोज निराळी.

टाळेबंदीत या माणसाचा मला फार आधार वाटला. मी वारीचे फोटो काढते. २०२० मध्ये पालख्या पायी निघाल्याच नाहीत. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पुण्यातल्या माझ्या घरात पश्चिमेची एक खिडकी होती. तिच्यापाशी मी माठ आणि स्टीलचा डबा मांडून ठेवला.

आभाळ भरून आलं की उजेड सगळीकडून येतो, सावलीची कड विरते आणि माठाची गोलाई अलगद उठून दिसते. चार वाजता तिरपं ऊन आलं की त्याच माठाचा खरखरीत पोत कणाकणाने दिसतो. डब्याचं तंत्र वेगळं. तो गुळगुळीत, म्हणून अख्खी खिडकीच अंगावर घेतो. त्याचा फोटो काढायचा म्हणजे त्याच्यासमोर काय आहे ते आधी सावरायचं.

एका सकाळी खिडकी काळ्या पुठ्ठ्याने बंद करून मी त्याला वाटाण्याएवढं भोक पाडलं. समोरच्या इमारतीवर ऊन होतं. अंधाराला डोळे सरावले तशी ती इमारत आतल्या भिंतीवर उमटली, उलटी! प्रकाश सरळ रेषेत जातो. गच्चीवरून येणारा किरण भोकातून खाली उतरतो, तळमजल्याचा वर चढतो. कॅमेऱ्यात घडतं ते हेच. कॅमेरा तिवईवर ठेवून, शटर बराच वेळ उघडं ठेवून मी ते चित्र टिपलं.

टाळेबंदी उठली, तरी आजारपण, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी किंवा पैशाची ओढाताण यांमुळे कितीतरी जणांचा प्रवास आजही अडतो. त्यांना मी मनापासून सांगते: एक खिडकी आणि एक वस्तू निवडा. आठवडाभर कॅमेरा न हलवता सकाळी, दुपारी, संध्याकाळी फोटो घ्या, मग ते शेजारी शेजारी लावून पाहा. मोबाइलही पुरतो. त्या फोटोंत बदललेला असेल तो फक्त उजेड. तो ओळखता येऊ लागला की फोटोसाठी दूरचं गाव गाठावंच लागतं असं नाही.