वय झाले, की आजार झाला?

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत वृद्धांची शुश्रूषा सून, मुलगी किंवा पगारावर ठेवलेली बाई करीत असते. परिचर्येचे शिक्षण तिला कोणी दिलेले नसते. रोजच्या सहवासातून ती पुष्कळ काही शिकते. परंतु ‘आता वयच झाले’ हे एक वाक्य तिची सतत दिशाभूल करते. वयोमानाने होणारे स्वाभाविक बदल कोणते आणि वयाच्या नावाखाली लपलेला आजार कोणता, हे ओळखणे ही परिचर्येची पहिली पायरी आहे, असे आम्हांस वाटते.

त्वचा पातळ होणे, स्नायूंची शक्ती घटणे, झोप सावध होऊन पहाटेच जाग येणे, हे बदल स्वाभाविक आहेत. कानांना प्रथम उंच पट्टीचे स्वर ऐकू येईनासे होतात. त्यामुळे नातवंडांचे बोलणे आजोबांना कळत नाही, पण पुरुषाचा खालचा आवाज कळतो. अशा वेळी ओरडून बोलण्यापेक्षा समोर बसून सावकाश बोलावे. डोळ्याची बाहुली लहान होत गेल्याने प्रकाशही अधिक लागतो. न्हाणीघरातील मिणमिणता दिवा बदलणे ही साधी वाटणारी पण मोठी सेवा आहे.

तहानेची जाणीव मंदावते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा ते मागत नाही. त्यातच रात्री लघवीसाठी उठावे लागू नये म्हणून पुष्कळ वृद्ध आपणहून पाणी तोडतात. एप्रिल-मे महिन्यांत वसईच्या दमट उकाड्यात हे घातक ठरते. ‘पाणी हवे का?’ असे विचारण्यात अर्थ नाही. दिवसभरात थोडे थोडे पाणी, पेज, ताक हातात द्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मूत्रपिंडांचे कार्य वयाबरोबर मंदावत असल्याने अनेक औषधेही शरीरात अधिक काळ रेंगाळतात. म्हणून नव्या डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व गोळ्या, आयुर्वेदिक धरून, एका पिशवीत घालून न्याव्यात.

स्मरणशक्तीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. शेजाऱ्याचे नाव पटकन न आठवणे व तासाभराने आठवणे, चष्मा कुठे ठेवला ते विसरणे, हे वयानुसार घडते. वर्षानुवर्षे ज्या वाटेने चर्चला गेले तीच वाट चुकणे, ही निराळी गोष्ट आहे. तेथे स्मृतिभ्रंशाची शंका घेऊन तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. याशिवाय एक तिसरी अवस्था आहे आणि आमच्या मते घरोघरी तिच्याकडेच अधिक दुर्लक्ष होते. कालपर्यंत रोजरीची सारी रहस्ये क्रमाने म्हणणाऱ्या आजी आज अचानक घरच्यांना ओळखेनाशा होतात, असंबद्ध बोलतात, किंवा नुसत्याच गुंगीत पडून राहतात. काही तासांत वा एक-दोन दिवसांत आलेला असा बदल वयामुळे येत नाही. त्यामागे लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, पाण्याची कमतरता, बद्धकोष्ठता, रक्तातील सोडियम किंवा साखर घटणे, अथवा नव्याने सुरू केलेले औषध असू शकते. वृद्धांना संसर्ग झाला तरी ताप येतोच असे नाही, तेव्हा थर्मामीटर पाहून निर्धास्त राहू नये. झोपेची गोळी देऊन त्यांना गप्प करणे तर अधिकच धोक्याचे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कारण सापडून उपचार झाले, तर हा भ्रम पुष्कळदा ओसरतो.

लघवीवर ताबा न राहणे, वारंवार पडणे, सतत उदास राहणे, अन्नावरची वासना उडून वजन घटणे, यांनाही ‘वय’ म्हणून सोडून देऊ नये. लाजेमुळे वृद्ध स्वतः बोलत नाहीत, विचारावे लागते. उठताच चक्कर येत असेल तर रक्तदाब बसून व उभे राहून, असा दोनदा मोजून घ्यावा. खाटेवरून उठताना दोन मिनिटे पाय सोडून बसण्याची सवय लावावी.

ख्रिस्तसभेच्या नियमांतही वयाचा विचार झालेला आहे. १९८३ च्या कॅनन लॉनुसार उपवासाचे बंधन वयाची ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंतच असते. तरीही राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहणाऱ्या आजी आपल्याकडे आहेत. ख्रिस्तप्रसादापूर्वी तासभर काही न खाण्याच्या नियमातूनही वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना सूट आहे. तेव्हा गोळीबरोबर बिस्किट खाल्ले म्हणून ख्रिस्तप्रसाद टाळण्याचे कारण नाही. रुग्णाभ्यंगासाठीही अखेरच्या घटकेची वाट पाहावी लागत नाही. गंभीर आजार नसला, परंतु वार्धक्याने शरीर फार क्षीण झाले असले, तरी हा संस्कार देता येतो. धर्मगुरूंना तसे सांगावे आणि शक्यतो सकाळची वेळ मागून घ्यावी. त्या वेळी वृद्ध बहुधा ताजेतवाने असतात व स्वतः प्रार्थनेत सहभागी होऊ शकतात.