चार वर्तुळांच्या आधीचे इकिगाई

‘इकिगाई’ या जपानी शब्दात दोन शब्द आहेत: जगणे आणि मोल. ज्यामुळे जगण्याचे चीज होते असे वाटते, ते इकिगाई. मराठीत एखाद्या गोष्टीतली गोडी संपली की ‘त्यात आता राम राहिला नाही’ असे म्हणतात. तो राम जिथे सापडतो त्या जागेला जपानी माणूस इकिगाई म्हणतो. शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. त्यात गूढ काही नाही. एखाद्याचे इकिगाई नातवंड असते, एखाद्याचे परसातली भाजी, तर एखाद्याचे हाती घेतलेले आणि अजून न संपलेले काम.

मराठी वाचकाला हा शब्द बहुधा हेक्तोर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरालेस या दोघा लेखकांच्या पुस्तकामुळे माहीत झाला. 2016 साली स्पॅनिशमध्ये निघालेल्या या पुस्तकाचा मराठी अनुवादही हातोहात गेला. शब्दाबरोबर एक चित्रही सगळीकडे पोचले. त्यात एकमेकांत गुंतलेली चार वर्तुळे असतात: आवडते ते, जमते ते, जगाला हवे ते आणि ज्याचे पैसे मिळतात ते. चौघांच्या मधोमध इकिगाई. हे चित्र मात्र जपानी नाही. आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश ज्योतिष्याने 2011 साली ते ‘प्रयोजन’ या शब्दासाठी काढले होते. 2014 साली मार्क विन या ब्रिटिश लेखकाने मधला शब्द पुसून तिथे ‘इकिगाई’ लिहिले. नोकरी निवडताना चित्राचा उपयोग होत असेल. पण चौथे वर्तुळ खरे मानले तर घर सांभाळणारी बाई, निवृत्त शिक्षक आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण या सगळ्यांचे जगणे बिनप्रयोजनाचे ठरते.

जपानमध्ये या शब्दाचा पहिला सखोल विचार झाला तो नेमका अशाच माणसांमध्ये. मिएको कामिया (1914–1979) या मनोविकारतज्ज्ञ बाईंचे ‘इकिगाईविषयी’ हे पुस्तक 1966 साली प्रसिद्ध झाले. त्याचा पाया नागाशिमा बेटावरच्या आइसेइएन या कुष्ठधामात घातला गेला. ओकायामा प्रांतातले हे कुष्ठधाम 1930 साली सुरू झालेले, जपान सरकारचे पहिले. बेट आणि मुख्य भूमी यांत जेमतेम हाकेच्या अंतराची खाडी. तरी ती ओलांडून आलेल्या रुग्णाला परत जाता येत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर कुष्ठरोगावर गुणकारी औषध आले, तरीही 1953 च्या कायद्याने सक्तीचे विलगीकरण कायम ठेवले. म्हणजे रोग आटोक्यात आलेली माणसेही तिथेच राहिली. खाण्यापिण्याची ददात नव्हती. समोर फक्त न संपणारे दिवस होते.

कामियांनी 1957 पासून तिथे मानसिक पाहणी सुरू केली आणि त्यांना एक कोडे पडले. शरीर बरेचसे शाबूत असलेले कितीतरी जण ‘कशासाठी जगायचे’ म्हणून कुढत बसलेले. त्याच आवारात दृष्टी गेलेली, बोटे झडलेली काही माणसे मात्र तृप्त. परिस्थिती तीच, मग फरक कुठून येतो?

या तृप्त माणसांतला एक प्रकार फार बोलका आहे. कुष्ठरोगाने डोळे जातात तशी बोटांची संवेदनाही जाते. त्यामुळे अंध रुग्णाला ब्रेल लिपी चाचपून वाचता येत नाही. जपानी कुष्ठधामांतले काही रुग्ण जिभेच्या टोकाने ब्रेल वाचायला शिकले. सुरुवातीला जीभ सोलवटून कागदावर रक्त यायचे. आइसेइएनमधल्या अंध रुग्णांनी तर ‘निळा पक्षी’ नावाचे हार्मोनिकावादकांचे पथक उभे केले. यातून त्यांना पैसा मिळणार नव्हता, सुटकाही नव्हती. मिळत होते ते उद्या काहीतरी करायचे आहे हे भान, आणि ऐकणारे कान. वरोऱ्याच्या आनंदवनातल्या ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदाचा कार्यक्रम पाहिलेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

अशा निरीक्षणांतून कामियांनी इकिगाईमागच्या सात भुका सांगितल्या: जगण्याच्या भरलेपणाची, बदलाची, भविष्याची, प्रतिसादाची, स्वातंत्र्याची, स्वतःतले गुण फुलवण्याची, आणि अर्थ व मूल्य यांची. यांतली प्रतिसादाची भूक सहज नजरेआड होते. आपण असल्या-नसल्याने कुणाला फरक पडतो का, हा तिचा प्रश्न. घरात आजीला कुणी काही विचारेनासे झाले की ती खचते, याचे कारण बहुतेकदा तिच्या तब्येतीत नसते.

सुख आणि इकिगाई यांत कामियांनी भेद केला. सुख आत्ताचे असते, इकिगाईचे तोंड पुढे असते. त्यामुळे आज हाल असूनही ते जाणवू शकते. आणि ते सर्वांत जास्त केव्हा जाणवते? मनापासून जे करावेसे वाटते आणि जे करणे आपले कर्तव्य आहे असे पटते, ती दोन्ही एकाच कामात भेटतात तेव्हा. एकात सुख आहे, दुसऱ्यात मूल्य. म्हणून शोध घेणाऱ्याला दोन्हीकडे पाहावे लागते. नुसत्या आवडीमागे गेलेला माणूस काही दिवसांनी रिकामा होतो, नुसते कर्तव्य ओढणारा आतून आंबतो. कामिया स्वतःला विचारण्याचे प्रश्नही सुचवतात: माझे असणे कशासाठी किंवा कुणासाठी गरजेचे आहे का? माझे म्हणावे असे ध्येय कोणते? ते असेल, तर मी त्याच्याशी इमान राखून जगतो का? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्याचे उत्तर दिवसाचे तास कुठे गेले यात लिहिलेले असते आणि ते खोडता येत नाही.

कामियांच्या स्वतःच्या आयुष्यातही आवड आणि कर्तव्य ही दोन टोके जुळायला फार काळ गेला. वयाच्या 19 व्या वर्षी, नातेवाइकांबरोबर एका कुष्ठधामात भजनाला ऑर्गन वाजवायला गेल्या असताना, त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले. घरच्यांनी विरोध केला. मग क्षय झाला. त्या आजारपणात रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस मूळ ग्रीकमधून वाचला, पुढे त्याचा जपानी अनुवादही केला. 1944 साली डॉक्टर झाल्या, नंतर लग्न, दोन मुले, घरखर्चासाठी भाषांच्या शिकवण्या. बेटावर काम सुरू झाले तेव्हा त्या 43 वर्षांच्या होत्या.

पुढे या शब्दाची आकड्यांतही परीक्षा झाली. मियागी प्रांतातल्या ओसाकी भागात 43,391 प्रौढांना ‘तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का’ एवढेच विचारून सात वर्षे त्यांची नोंद ठेवली गेली. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ‘नाही’ म्हणणाऱ्यांत मृत्यूचा धोका साधारण दीडपट आढळला. यातून इकिगाई हे औषध ठरत नाही. आजारी माणसाला जगण्यात रस वाटेनासा होतो हेही खरेच.

कामियांच्या लेखनावर जपानमध्ये एक गंभीर आक्षेपही घेतला जातो. बेटावरची माणसे अर्थ कसा शोधतात हे त्यांनी पाहिले, पण त्यांना तिथे डांबणाऱ्या धोरणाला पुरेसा विरोध केला नाही. आक्षेप रास्त आहे. मनाची ताकद मोजताना भिंती कुणी बांधल्या हा प्रश्न मागे पडू शकतो. नागाशिमाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल 1988 साली झाला, विलगीकरणाचा कायदा 1996 साली रद्द झाला, आणि 2001 साली कुमामोतोच्या न्यायालयाने ते धोरण घटनाबाह्य ठरवले.