मासळीतले तेल मुळात कुणाचे?

‘मासळी खा, डोके चालेल,’ असे आपल्या घरातली वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. या सांगण्यात तथ्य आहे. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट मासळीत डीएचए नावाचा ओमेगा-३ गटातला घटक असतो. मेंदू आणि डोळ्याचा पडदा यांच्या घडणीत त्याचा वाटा मोठा आहे. पण हे तेल मासा स्वतः बनवतो का? वर्गात असे विचारले की मुले ‘हो’ म्हणतात. खरे उत्तर वेगळे आहे.

समुद्राच्या पाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय शैवाल असते. डीएचए मुख्यतः तेच तयार करते. पाण्यातले बारीक जीव ते खातात, त्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे. म्हणजे मासा हा मधला वाटेकरी. मग मूळ मालकाकडूनच तेल घेता येईल का?

अमेरिकेत 1978 साली अशाच शैवालांचा मोठा शोध सुरू झाला. हेतू मात्र खाण्याच्या तेलाचा नव्हता, डिझेलला पर्याय शोधण्याचा होता. तळी, खारी सरोवरे आणि किनारे धुंडाळून 3000 हून अधिक वाण गोळा केले गेले. त्यातून सुमारे 300 निवडले. एक गोष्ट लक्षात आली: नायट्रोजन तोडला की पेशीत तेल साठते, पण वाढ मंदावते. त्यामुळे एकूण तेल काही वाढत नाही. खनिज तेलाच्या मानाने हे तेल महागच राहिले आणि 1996 साली काम थांबले.

खाण्याच्या तेलाला वेगळा मार्ग सापडला. क्रिप्थेकोडिनियम आणि शैवालांच्या जवळचा शायझोकायट्रियम हे समुद्रातले सूक्ष्मजीव. त्यांना उन्हाची गरज नसते. पोलादी बंद टाक्यांत साखरेवर ते वाढवतात, मग तेल काढून शुद्ध करतात. 2001 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीत असे तेल घालण्यास हरकत घेतली नाही. आज ते अनेक डब्यांत असते.

आपल्या कढईत ते येईल का? सध्या तरी नाही. आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, तरी ती तूट या तेलाने भरून निघण्याइतके ते स्वस्त नाही. शिवाय डीएचए उष्णतेने लवकर खराब होते, म्हणून ते तळणीचे तेल नव्हे. ते थेंबांनी किंवा कॅप्सूलमधून घ्यायचे.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तेल शैवालाचे असले तरी कॅप्सूलचे आवरण जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या जिलेटीनचे असू शकते. ते हलाल आहे का, हे वेष्टन वाचून, नाहीतर विचारून ठरवावे. वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूलही मिळतात. दुसरी, स्पिरुलिना म्हणजे हे तेल नव्हे. आपल्या लोणारच्या खाऱ्या सरोवरात वाढणारे स्पिरुलिना प्रथिनांसाठी नावाजलेले आहे, डीएचएसाठी नाही. तिसरी, तळ्यातले किंवा विहिरीतले हिरवे शेवाळ कधीही खाऊ नये. साचलेल्या पाण्यातली काही निळी-हिरवी शेवाळे यकृताला घातक विष सोडतात आणि ते उकळूनही जात नाही. निसर्गातल्या पाण्याने वाण दिला, पण अन्न झाले ते स्वच्छ टाकीत.

कोकणातल्या घरात ताजी तारली परवडत असेल, तर महागड्या बाटलीची गरज नाही. पण मराठवाडा-विदर्भातल्या अनेक गावांत समुद्राची मासळी क्वचितच पोहोचते, आणि काही मुलांना मासळी सोसतच नाही. जवसातल्या ओमेगा-३ चे शरीरात फार थोडे डीएचए बनते. अशा घरातल्या गरोदर सुनेसाठी किंवा लहान मुलासाठी हा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारावा. मूळ तेल शैवालाचेच असल्याने मासळी मिळाली नाही म्हणून आपल्या लेकरांनी त्याला मुकायचे कारण नाही.